न सांगितलेले दुखणे

संततिनियमनाच्या गोळ्यांविषयी एका निवृत्त शाळामास्तराने लिहावे, हे पुष्कळ वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. आम्हांसही ते वाटले. ३८ वर्षे प्राथमिक शाळेत पाढे, शुद्धलेखन आणि कविता शिकवून आम्ही २०१६ साली निवृत्त झालो. शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत, आणि संस्कृत तीर्थरूपांपाशी घरी बसून जेवढे पदरात पडले तेवढे. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध आला तो केवळ रोग्याच्या नात्याने, आणि तोही आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे लपवून ठेविला. त्या लपविण्यातून गेल्या वर्षी आमच्या घरी जो प्रसंग ओढवला तो चार घरांस सांगावा, असे आमच्या कन्येनेच सुचविले. तिच्या संमतीने हे लिहीत आहो.

आमचे घर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आहे. नव्वदीकडे झुकलेल्या मातोश्री, आम्ही उभयता, धाकटे बंधू व भावजय, आमचे चिरंजीव व सूनबाई, आणि बंधूंची लग्नाला आलेली मुलगी, असा एका स्वयंपाकाचा संसार. कन्येस घरात सारे ताई म्हणतात. ती बंगळूरास असते. जावईबापू तेथेच नोकरीस आहेत. दिवाळीनंतर आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन ती महिनाभर माहेरपणास आली होती.

एके रात्री निजानीज झाल्यावर सौ.ने आम्हांस सांगितले, की तीन-चार वर्षे तरी दुसऱ्या मुलाचा विचार नको असे ताईचे व जावईबापूंचे ठरले आहे, आणि त्यासाठी गोळ्या सुरू कराव्या की काय, हे येथल्या डॉक्टरीणबाईंस विचारून घ्यावे असा तिचा मानस आहे.

"हे मला सांगण्याचे प्रयोजन काय?" आम्ही विचारले. आवाज थोडा चढलाच असावा.

"प्रयोजन एवढेच, की उद्या तिच्याबरोबर जायचे आहे. माझे गुडघे तो जिना चढू देत नाहीत, आणि ते पोर तुमच्यावाचून कोणाजवळ राहात नाही."

सकाळी चहाच्या वेळी ही गोष्ट घरात पसरली. बंधूंचे म्हणणे पडले की दोन मुले लागोपाठ झालेली बरी, एकदाचे उरकते. त्यावर जपाची माळ खाली ठेवून मातोश्री म्हणाल्या, "उरकायला ते काय पंगतीतले पान आहे? मला सहा झाली, चार राहिली. मला कोणी विचारले असते तर मीही मध्ये थांबले असते." माळ पुन्हा सुरू झाली. आम्ही साठी ओलांडलेले तिचे पुत्र, परंतु हे वाक्य तिच्या तोंडून प्रथमच ऐकले.

आईचा जन्म १९३७ सालचा. त्याच्या सोळा वर्षे आधी, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून ते हाच विषय लोकांपुढे मांडीत राहिले. ते महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. तरी पुष्कळ घरांत त्यांचे मासिक चारचौघांत उघडून वाचण्याजोगे मानले जात नव्हते. १९५२ साली तर सरकारनेच कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि १९६० साली अमेरिकेत पहिली गोळी या कामासाठी मान्य झाली. आईची सारी बाळंतपणे १९५२ नंतरची आहेत. म्हणजे ज्ञान जगात होते, देशातही होते. आमच्या माजघरापर्यंत तेवढे पोचले नव्हते. त्या सकाळी आम्ही कर्त्या पिढीला मनातल्या मनात दोष दिला. आपण स्वतः काय करीत आहो, याचा विचार तेव्हा मनास शिवला नाही.

दवाखान्यात बाकावर पाचसहा बायका बसल्या होत्या. पुरुष आम्ही एकटे. ताई आत गेली. आम्ही नातवास मांडीवर घेऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागलो. परंतु आई दिसेनाशी होताच ते पोर मांडीवरून उतरले आणि धावत जाऊन त्याने दार ढकलले. त्याला आवरण्यास आम्हांस उठावे लागले. दार वीतभर उघडे राहिले, आणि आतले बोलणे आपोआप कानांवर पडले.

डॉक्टरीणबाई वयाने ताईहून फार मोठ्या नसाव्यात. एकेक प्रश्न सावकाश विचारून त्या उत्तर लिहून घेत होत्या. अंगावर पाजणे चालू आहे का? रक्तदाब कधी वाढला होता का? सिगारेट ओढता का? कावीळ झाली होती का? छातीत कधी गाठ लागली होती का? अर्धशिशी उठते का, आणि उठण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड चमकतो का? क्षयाची किंवा फेफऱ्याची औषधे चालू आहेत का? एवढ्याशा गोळीसाठी इतकी उलटतपासणी पाहून आम्हांस नवल वाटले, आणि समाधानही वाटले. उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट समजून घ्यावा, हेच आम्ही मुलांस आयुष्यभर सांगत आलो होतो.

मग त्यांनी विचारले, "पायाच्या शिरेत कधी रक्ताची गुठळी झाली होती का? तुम्हाला, किंवा आई, वडील, भाऊ यांच्यापैकी कोणाला?"

"नाही," ताई म्हणाली. "तसे आमच्याकडे काही नाही."

आम्ही दाराशी उभे होतो. ते उत्तर चूक आहे, हे ठाऊक असलेला तेथे एकच मनुष्य होता, आणि त्याने नातवाला उचलून दार हळूच ओढून घेतले.

आता जुनी हकीकत सांगणे प्राप्त आहे. १९९७ सालच्या उन्हाळी सुट्टीत आमचा डावा पाय पोटरीपासून सुजला. ना मार, ना पडणे, ना लांबचा प्रवास. आठ दिवस हळद-मीठ आणि शेक झाला. सूज मांडीपर्यंत चढली तेव्हा पुण्यास गेलो. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, असे तेथल्या डॉक्टरांनी सांगितले. इंजेक्शने झाली, पुढे सहा महिने रक्त पातळ राखणाऱ्या गोळ्या आणि वरचेवर रक्ताची तपासणी. आमचे वय तेव्हा ३९ होते. ताई चार वर्षांची होती.

नेमके त्याच वेळी धाकट्या भगिनीचे लग्न जुळत होते. मुलगी पसंत पडली होती, याद्या व्हावयाच्या होत्या. वडील जाऊन अठरा वर्षे झालेली. कार्य आमच्या शिरावर. कर्त्या भावाच्या रक्तातच काही दोष आहे, असे व्याह्यांच्या कानी गेले असते तर? तेव्हा आम्ही व सौ.ने ठरविले, की पाय मुरगळला एवढेच सर्वांस सांगावयाचे. शाळेत तेच सांगितले, बंधूंस तेच, मातोश्रींसही तेच. लग्न निर्विघ्न पार पडले. पुण्याचे कागद ट्रंकेत, मुलांच्या जन्मपत्रिकांखाली गेले. खोटे पुष्कळ दिवस वापरले म्हणजे ते खरेच वाटू लागते. "पावसाळ्यात तो मुरगळलेला पाय दुखतो," असे आम्ही स्वतःच म्हणू लागलो होतो.

दवाखान्यातून ताई चिठ्ठी घेऊन बाहेर आली. पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून गोळी सुरू करावी असे ठरले होते. त्यास अजून पाचसहा दिवस अवकाश होता. औषधाच्या दुकानातून पाकीट आम्हीच घेतले. एका पाकिटात २८ गोळ्या; त्यांपैकी २१ औषधाच्या आणि ७ नुसत्या लोहाच्या. त्या सात कशासाठी, असे विचारता ताई म्हणाली, की रोज एक गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि नव्या पाकिटाचा दिवस चुकू नये म्हणून. सरकारी दवाखान्यात माला-एन नावाने जे पाकीट फुकट मिळते त्यातही हीच योजना आहे. कोणा शहाण्याने ही युक्ती काढली असेल ती असो, तो मास्तर व्हावयास योग्य होता, असे आमच्या मनात आले. आम्ही थट्टा करीत होतो, कारण दुसरे काही बोलावयाचे धैर्य नव्हते.

हाती लागेल ते छापील वाचावे, ही आमची जुनी खोड. दुपारी पाकिटातला घडी घातलेला कागद आम्ही भिंग घेऊन वाचला. आमचे इंग्रजी बेताचे. परंतु 'थ्रॉम्बॉसिस' हा शब्द आमच्या चांगल्या परिचयाचा होता. पुण्याच्या कागदावर तो तांबड्या शाईने अधोरेखित केलेला होता. या कागदात तो आम्हांस तीन ठिकाणी भेटला.

तीन दिवस आम्ही गप्प राहिलो. मनुष्य स्वतःचे समाधान कसे करून घेतो, हे त्या तीन दिवसांत कळले. म्हटले, एवढ्या वर्षांपूर्वीचे ते दुखणे, पुन्हा काही झाले नाही. म्हटले, पुरुषाच्या पायाचा आणि बायकांच्या औषधाचा संबंध काय? म्हटले, डॉक्टरीणबाईंनी तपासूनच दिले आहे ना? वास्तविक त्यांनी तपासले ते आम्ही तपासू दिले तेवढेच. तिसऱ्या रात्री दिव्याशी तो कागद घेऊन बसलेलो सौ.ने पाहिले. तिने काही विचारले नाही. एवढेच म्हणाली, "अहो, पोर तुमचीही आहे. रक्त तुमचेही आहे."

सकाळी मागल्या अंगणात ताई मुलाचे कपडे वाळत घालीत होती, तेथे जाऊन आम्ही सारे सांगितले. ती ऐकत राहिली. आम्हांस वाटले, ती गोळीविषयी काही विचारील. तिने विचारले ते निराळेच.

"अण्णा, परवा तुम्ही दाराशीच होतात ना? तुम्हाला ऐकू आले होते?"

आम्ही होय म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. हातातले झबले पिळून तिने दोरीवर टाकले. आमच्या आयुष्यात आम्हांस वरिष्ठांनी पुष्कळ बोल लावले आहेत. त्यांतला एकही त्या पिळलेल्या झबल्याइतका लागलेला स्मरत नाही.

त्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात गेलो. या वेळी ताई म्हणाली, "तुम्हीही आत या." पुण्याचे कागद ट्रंकेतून काढून आम्ही बरोबर घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी ते सावकाश वाचले आणि आम्हांस विचारले, की त्या वेळी वय काय होते, कोणता पाय, त्याआधी शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा बराच काळ अंथरुणास खिळणे असे काही झाले होते का. काही नव्हते म्हटल्यावर त्यांनी ते लिहून घेतले. आम्हांस वाटले, आता कानउघाडणी होणार. तसे काही झाले नाही. त्यांनी पाटीवर गणित मांडून दाखवावे तसे समजावून सांगितले.

या गोळीत दोन द्रव्ये असतात. त्यांपैकी एस्ट्रोजेन म्हणून जे आहे ते यकृताकडून रक्त गोठविणारे घटक अधिक प्रमाणात तयार करविते. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाकाठी सुमारे दोघींस अशी गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली नेहमीची गोळी घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत ५ ते ७ जणींस. काही नव्या गोळ्यांत ९ ते १२ जणींस. म्हणजे बहुतेक स्त्रियांस हा धोका लहानच आहे, आणि कोट्यवधी स्त्रिया ही गोळी सुखाने घेतात. परंतु ज्या घराण्यात रक्त गोठण्याकडे कल असेल तेथे मुळातच पारडे थोडे झुकलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने या साधनांसाठी चार वर्ग पाडले आहेत, हेही त्यांनी सांगितले. पहिल्या वर्गात काही अडचण नाही; दुसऱ्यात लाभ धोक्याहून अधिक; तिसऱ्यात धोका लाभाहून अधिक; चौथ्यात ते साधन वर्ज्य. ज्या स्त्रीस स्वतःस पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल तिला ही गोळी चौथ्या वर्गात. आईबाप किंवा सख्खी भावंडे यांस झालेली असेल तर दुसऱ्या वर्गात. परंतु इंग्लंडातील नियमांप्रमाणे ते नातलग त्या वेळी ४५ वर्षांच्या आत असतील तर तिसऱ्या वर्गात. आम्ही ३९ वर्षांचे होतो. "दुसरी चांगली साधने हाताशी असताना ताईंना मी ही गोळी देणार नाही," त्या म्हणाल्या. रक्ताच्या काही तपासण्या करता येतात, पण त्या निर्दोष आल्या म्हणून घराण्यात काही नाहीच, असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही, हेही त्यांनी सांगितले.

आम्ही म्हणालो, "बरे झाले, वेळेवर सांगितले."

यावर त्या क्षणभर थांबल्या. "काका, गोळीचे वेळेवर झाले," त्या म्हणाल्या. "पण हा धोका गरोदरपणी गोळीहून जास्त असतो, आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त. ते तर होऊन गेले."

ताईचे बाळंतपण आमच्याच घरी, याच दवाखान्यात झाले होते. पोटावर शस्त्रक्रिया करून मूल काढावे लागले होते, आणि पहिले काही दिवस ती अंथरुणावरच होती. त्या वेळची फाइल त्यांनी काढली. नावनोंदणीच्या कागदावर 'कुटुंबातील आजार' असे एक सदर होते, आणि त्यापुढे 'मधुमेह (आजी)' एवढेच लिहिलेले होते. अक्षर वळणदार, शुद्ध, शिरोरेघा सरळ. ते आमचेच होते. ताईला वेणा येत होत्या म्हणून तो कागद आम्ही भरला होता. "तेव्हा कळले असते तर आम्ही जास्त लक्ष ठेवले असते, वेळ पडती तर इंजेक्शनेही दिली असती," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गावभर पेढे वाटीत आम्ही हिंडत होतो त्या दिवसांत कोणते संकट घरावरून निघून गेले, हे आम्हांस दीड वर्षानंतर कळले.

संस्कृत वाचणारास अध्याहाराची सवय असते. वाक्यात एखादे पद नसले तरी संदर्भावरून ते घ्यावे, आणि अर्थ लावावा. आम्हांस असे वाटू लागले आहे की आपल्या घरांतही आपण असेच वागतो. सांगण्याजोगे ते सांगतो, लाजेचे ते गाळतो, आणि ज्याचे त्याने समजून घ्यावे म्हणतो. परंतु डॉक्टरांस अध्याहार करता येत नाही. जे सांगितले तेच त्यांच्यापुढे असते, आणि त्यावरच ते औषध देतात.

पुढे काय करावे हे ताईने जावईबापूंशी फोनवर बोलून ठरविले. एस्ट्रोजेनविरहित साधने कोणकोणती, हे तिला सांगण्यात आले होते. पुरुषाने वापरावयाचे साधन आहेच, हेही डॉक्टरीणबाईंनी आवर्जून सांगितले होते. तिने तांबी पसंत केली. तीत संप्रेरके मुळीच नसतात, एकदा बसविली की १० वर्षेपर्यंत चालते, आणि मूल हवे झाले की काढून घेता येते. पाळी थोडी जास्त जाण्याचा संभव असतो, म्हणून तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन आधी पाहून घेतले. परत न केलेले गोळ्यांचे पाकीट मात्र फडताळात राहिले होते. सौ. काटकसरी, पैसे टाकलेले वाया कशाला, सूनबाई, तुलाच होईल की, असे ती बोलून गेली. त्यावर सूनबाई हसून म्हणाली, "आई, मला लागेल तेव्हा मी माझी परीक्षा स्वतः देऊन येईन." ते पाकीट ताईने दुसऱ्या दिवशी दुकानात परत नेऊन दिले.

एवढ्यावर हे संपले असते तर बरे झाले असते. परंतु ज्या दुखण्याचा संबंध रक्ताशी त्याचा संबंध एकाच लेकीशी कसा असेल? बंधूंची मुलगी पाळीच्या अनियमितपणासाठी अशाच जातीची गोळी वर्षभर घेत होती. आम्ही बंधूंस बोलावून सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णा, तिला स्थळे पाहतो आहोत. आताच हे उकरून काढायला हवे का? निदान कागदावर तरी नको."

आम्हांस १९९७ सालचे आमचेच शब्द पुन्हा ऐकू आल्यासारखे झाले. त्यांस काय उत्तर द्यावे हे सुचेना. उत्तर मातोश्रींनी दिले, तेही आम्हांस अनपेक्षित. त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचाही पाय सुजला होता. महिनाभर लंगडत होते. मग एके सकाळी पूजेला बसले होते, छातीत कळ आली, आणि गेले. कोणी मला विचारले नाही, मी सांगितले नाही."

वडील १९७९ साली गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी. त्यांचे दुखणे नेमके काय होते हे आता कोणालाही सांगता यावयाचे नाही. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला तेव्हा त्यातील आमच्या शाखेची माहिती आम्हीच लिहून दिली होती. गोत्र, शाखा, मूळ गाव, कोण कोठे शिकले, कोणास कोणती पदवी, सारे त्यात आहे. वडिलांपुढे आम्ही 'अल्पशा आजाराने निधन' असे लिहिले. आमच्यापुढे आमची ३८ वर्षांची नोकरी लिहिली. सासरी गेलेल्या मुलींच्या पुढे त्यांचे सासरचे नाव लिहिले. त्यांना आमच्याकडून नावाखेरीज आणखी काय मिळाले आहे, हे लिहिण्यास त्यात जागाच नव्हती.

बंधूंनी शेवटी मुलीस सांगितले, आणि ती आपल्या डॉक्टरांस सांगून आली. पुढे काय ठरले ते तिचे तिच्यापाशी. आम्ही विचारले नाही, आणि येथे लिहिण्याचा अधिकारही आमचा नाही. भगिनीस आम्ही स्वतः फोन केला. लग्नाला इतकी वर्षे झाली, आणि तिच्याही मुली मोठ्या झाल्या आहेत. ती म्हणाली, "माझ्या लग्नासाठी लपवलेत, ते मला तरी सांगायचे होते." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हे वाचून एखादी भगिनी घेत असलेली गोळी भिऊन एकदम बंद करील, तर आमच्या लिहिण्याचा अनर्थ होईल. तसे करू नये. शंका असेल तर डॉक्टरांस विचारावे. गोळी वाईट नाही. विचारपूर्वक दिलेली गोळी पुष्कळ संसारांस उपकारक झाली आहे, आणि ती आमच्या आईच्या वेळी आमच्या माजघरात आली असती तर आईचे काही क्लेश वाचते. सांगावयाचे ते इतकेच, की लेक किंवा सून असा सल्ला घेण्यास जाईल तेव्हा घरातल्या वडील माणसांनी आधल्या रात्री तिच्यापाशी बसावे, आणि कोणाच्या पायाला, छातीला, मेंदूला काय झाले होते, कोणत्या वयात झाले होते, हे तिला स्पष्ट सांगावे. पुरुषांनीही सांगावे. गोळी चालू असता एकच पाय सुजून दुखू लागला, एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, बोलणे अडखळले किंवा दृष्टी अंधारली, तर घरगुती शेकात दिवस न घालविता तत्काळ दवाखाना गाठावा. आमचे आठ दिवस हळद-मिठात गेले होते; आम्ही वाचलो, हे आमचे दैव.

कुलवृत्तांताच्या आमच्या घरच्या प्रतीत, आमच्या शाखेच्या पानाशी, आता एक आखीव कागद चिकटविला आहे. त्यावर आईच्या तोंडून ऐकलेले वडिलांचे दुखणे, आमचे दुखणे, आजीचा मधुमेह, आणि आईची दोन न राहिलेली मुले, अशा नोंदी साल घालून केल्या आहेत. ताई बंगळूरास परत जावयास निघाली तेव्हा तिने त्या कागदाचे मोबाइलवर छायाचित्र घेतले. जाताना तिने नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला, आणि उठताना आमच्या डाव्या पायाला हात लावून विचारले, "अजून दुखतो का?"

पावसाळ्यात दुखतो, असे आम्ही सांगितले. या वेळी ते खरे होते.